कंपवाताचे दुसरे रसायन

1960 साली व्हिएन्नातल्या हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकेविच या दोघांनी एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख छापला. पार्किन्सनच्या आजारावर, म्हणजे आपल्याकडच्या कंपवातावर, आज जो उपचार होतो त्यातला मोठा भाग या लेखातून निघाला. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. या रुग्णांच्या स्ट्रायटममधले डोपामिन जवळजवळ संपलेले असते, हे त्यात पहिल्यांदा दाखवले गेले. हॉर्निकेविच पुढे आठवण सांगत, की फरक ओळखायला यंत्र लागलेच नाही. मेंदूच्या ऊतीचा अर्क काढून त्यावर आयोडीनची क्रिया केली, की डोपामिन असेल तर गुलाबी रंग येतो. इतर मृतांच्या मेंदूंच्या नळ्यांत तो आला. कंपवाताच्या नळीत मात्र जेमतेम छटा उमटली. नुसत्या डोळ्यांनी कळावे इतका तो फरक होता.

लेखाच्या शीर्षकात मात्र दोन रसायने होती, आणि त्यांतले पहिले नाव नॉरॲड्रेनलिनचे होते. या मेंदूंत तेही कमी भरले होते, फक्त डोपामिनइतके नाही. पुढच्या साठ वर्षांत दुसरे नाव घरोघरी पोचले. पहिले तज्ज्ञांच्या परिषदांपुरते उरले.

हे असे का झाले, ते समजण्यासारखे आहे. 1961 साली वॉल्टर बिर्कमायर यांनी व्हिएन्नाच्याच लाइन्झ भागातल्या वृद्धांच्या रुग्णालयात लेवोडोपा शिरेतून दिले. मेंदूत पोचल्यावर या औषधाचे डोपामिन होते. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, उभी राहिली, चालली. परिणाम काही तासच टिकला, पण ज्यांनी तो पाहिला त्यांना दुसरे काही दाखवायची गरज उरली नाही. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे हळूहळू वाढवत न्यायची मोठी मात्रा बसवली आणि औषध जगभर गेले. (आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत हे द्रव्य भरपूर असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासमध्ये त्या बियांतून ते वेगळे काढून 1937 साली प्रसिद्धही केले होते. तेव्हा ते कशाच्या उपयोगी पडेल, याची कुणाला कल्पना नव्हती.) एवढा ढळढळीत गुण आल्यावर आजार आणि डोपामिन यांचे समीकरण पक्के झाले. ते समीकरण खोटे नाही, पण ते अपुरे आहे. त्या अपुरेपणाचा भार रुग्णांना सोसावा लागतो, म्हणून हे प्रकरण.

शवविच्छेदनाच्या टेबलावर मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा देठ, आडवा कापला की पॉन्स नावाच्या फुगीर भागात मागच्या अंगाला, चौथ्या पोकळीच्या तळाशी, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक काळसर-निळा ठिपका दिसतो. हे लोकस सेरुलियस. योहान ख्रिश्चन रील यांनी 1809 साली त्याचे वर्णन केले आणि 1812 मध्ये वेन्झेल बंधूंनी त्याला हे लॅटिन नाव दिले. नावाचा अर्थ एवढाच, की निळी जागा. लांबी सुमारे दीड सेंटिमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून यात 20 ते 50 हजार पेशी असतील, असे मोजणाऱ्यांचे अंदाज आहेत. अख्ख्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात, त्यांपुढे ही संख्या कुठेच लागत नाही. रंग येतो तो न्यूरोमेलानिन या द्रव्यामुळे. तान्ह्या मुलात ते जवळपास नसते, वयाबरोबर साचत जाते. कंपवाताने गेलेल्या माणसात हा ठिपका फिका पडलेला असतो, कधी तर शोधावा लागतो.

वरच्या मध्यमेंदूतला सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळा पट्टाही असाच फिकटतो. 1919 साली कॉन्स्टन्टिन ट्रेत्याकॉफ यांनी पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात तो आजाराशी जोडला. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी त्याच पट्ट्यात असतात, म्हणून पुढे सगळे लक्ष तिकडे गेले. 2003 मध्ये एका अमेरिकी गटाने दोन्ही जागांच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून मोजल्या, तेव्हा कंपवातात लोकस सेरुलियसची हानी काळ्या पट्ट्यापेक्षाही जास्त भरली. अल्झायमरमध्येही तेच दिसले.

इतक्या थोड्या पेशी इतके काय करतात? त्यांच्या तंतूंचा पसारा अफाट आहे. एकेका पेशीच्या फांद्या मेंदूच्या बाह्यकात, स्मृतीचे काम पाहणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, अनुमस्तिष्कात आणि खाली मज्जारज्जूपर्यंत जातात. काळ्या पट्ट्यातून स्ट्रायटमला जाणारे डोपामिन ठिबक सिंचनासारखे ठरावीक मुळाशी पडते असे धरले, तर लोकस सेरुलियसचे नॉरॲड्रेनलिन तुषार सिंचनासारखे सगळ्या शेतावर उडते. गंमत अशी, की स्ट्रायटमलाच ते फार थोडे मिळते. त्यामुळे स्ट्रायटम तपासणाऱ्याला डोपामिनचा तुटवडा ठळक दिसणार आणि नॉरॲड्रेनलिनचा दिसणार नाही, हे ओघानेच आले.

या पेशी सतत, स्वतःहून ठोके देत राहतात. उंदरांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवून 1980च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत त्यांची लय स्पष्ट दिसली. जाग असताना ठोके चालू, झोप येऊ लागली की मंद, आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ बंद. अनपेक्षित काही घडले, की एकदम ठोक्यांचा झपाटा. दार वाजले, कुणी नाव घेऊन हाक मारली, समोरून रिक्षा आली, अशा क्षणी मेंदूचे वेगवेगळे भाग एकदम सावध करण्याचे, चालू काम सोडून नव्याकडे वळवण्याचे काम या पेशींचे. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या, मेंदूबाहेरच्या सिम्पथेटिक नसाही नॉरॲड्रेनलिनच वापरतात. उल्फ फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये ते सिद्ध केले आणि त्यांना 1970 सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कंपवातात या दोन्ही यंत्रणा झडतात. त्या वेगवेगळ्या आहेत, हे मात्र विसरू नये. लोकस सेरुलियस खराब झाले म्हणून रक्तदाब पडतो, असा सरळ संबंध जोडता येत नाही.

इथे एक शंका येईल. शरीरात टायरोसिनपासून लेवोडोपा, लेवोडोपापासून डोपामिन आणि डोपामिनपासून नॉरॲड्रेनलिन अशी साखळी आहे. मग लेवोडोपाची गोळी दिल्यावर दोन्ही रसायने आपोआप का भरून येत नाहीत? कारण साखळीतली शेवटची पायरी ज्या विकरामुळे पार पडते, ते डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज मुख्यतः नॉरॲड्रेनलिनच्या पेशींतच असते. त्या पेशी मेल्या की ते विकरही जाते. कच्चा माल कितीही ओतला तरी डोपामिनपाशीच थांबतो. लेवोडोपाने हात मोकळा होतो, चेहऱ्यावर हालचाल येते, आणि तरी बाकीच्या तक्रारी तशाच राहतात, त्याचे एक कारण इथे आहे.

2003 साली जर्मनीतल्या हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी हा आजार मेंदूत कसा पसरतो याचा नकाशा मांडला. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन पेशींमध्ये गोळा होते. हे गोळे म्हणजे लेवी बॉडीज. ब्राक यांना ते सर्वांत आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूस्तंभाच्या तळाशी दिसले, नंतर लोकस सेरुलियसमध्ये, आणि काळ्या पट्ट्यात तिसऱ्या टप्प्यावर. म्हणजे हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी निळ्या ठिपक्यात पडझड सुरू झालेली असते. सगळ्या रुग्णांचे मेंदू या क्रमाने जात नाहीत, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. डेन्मार्कच्या पेर बोर्गहॅमर यांच्या मते काहींमध्ये आजार आतड्यांकडून वर चढतो आणि काहींमध्ये मेंदूतच सुरू होतो. पहिल्या प्रकारात नॉरॲड्रेनलिनची यंत्रणा लवकर आणि जास्त झडते.

या प्रकाराची खूण झोपेत सापडते. स्वप्न पडत असताना आपले स्नायू सैल, निर्जीव असतात. ल्यों शहरात मिशेल झुवे यांनी 1965 मध्ये मांजरांच्या पॉन्समध्ये, लोकस सेरुलियसच्या आसपास बारीक इजा केल्या आणि मांजरे झोपेतच उठून अदृश्य सावजावर झडप घालू लागली. स्नायू सैल ठेवणारी नेमकी जागा निळ्या ठिपक्याच्या अगदी खालची, हे पुढे ठरले. माणसांमधला असा आजार 1986 साली अमेरिकेत कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी वर्णन केला. डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न साधा आहे: "रात्री झोपेत ओरडतात का हो हे? हातपाय झाडतात?" आणि बायको म्हणते, "अहो, किती वर्षं झाली, मला दोन-तीनदा ठोसे बसले, म्हणून मी वेगळी झोपते. पण त्याचा याच्याशी काय संबंध?" संबंध फार जवळचा आहे. अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून 2019 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार अशा लोकांपैकी दरवर्षी सुमारे 6 टक्के लोकांना कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार जडतो. 12 वर्षांत हे प्रमाण 73 टक्क्यांच्या पुढे जाते. एमआरआयवर न्यूरोमेलानिन पाहायची पद्धत 2006 मध्ये जपानमध्ये निघाली. त्या पद्धतीने अशा झोपेच्या रुग्णांत लोकस सेरुलियस फिके दिसते, चालण्याबोलण्यात काहीही बिघाड नसताना.

निळा ठिपका आधी जातो हे खरे, पण तो गेल्यामुळे पुढचे बिघडते का? प्राण्यांमध्ये तरी तसे दिसते. लोकस सेरुलियस आधीच नष्ट केलेल्या माकडांना डोपामिनच्या पेशी मारणारे एमपीटीपी हे विष दिले, तर नुकसान जास्त होते आणि भरून यायला उशीर लागतो. 2007 साली अमेरिकेत नॉरॲड्रेनलिन तयारच न होणाऱ्या उंदरांवर काम झाले. त्यांच्या हालचाली एमपीटीपी दिलेल्या उंदरांपेक्षाही जास्त बिघडलेल्या निघाल्या. नॉरॲड्रेनलिन मेंदूतला दाह आवरते, पेशींना पोसणारी द्रव्ये वाढवते, असे पुष्कळ पुरावे आहेत. माणसात मात्र हा कार्यकारणभाव अजून सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध झाल्यासारखे बोलणे रुग्णांवर अन्याय ठरेल.

आता थरथरीकडे वळू, कारण कंपवात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच येते. मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीत साठीपुढचे एक काका बसलेत. हात मांडीवर आहे आणि शांत आहे. "काका, शंभरातून सात गेले किती?" "त्र्याण्णव." "आणखी सात?" "शहाऐंशी." काका पुढचे उत्तर शोधत असतात आणि तेवढ्यात मांडीवरचा अंगठा तर्जनीवर घासायला लागतो, गोळी वळल्यासारखा, सेकंदाला चार ते सहा वेळा. "एकोणऐंशी" येईपर्यंत मनगटही हलू लागलेले असते. आकडेमोड थांबली, की थोड्या वेळाने हात पुन्हा निवतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेत सही करताना, कुणी रोखून पाहत असताना हेच होते. घरचे म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." पण हा मनाचा कमकुवतपणा नाही. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे रिक हेल्मिख यांच्या गटाने मेंदूचे स्कॅन घेत रुग्णांना अशीच गणिते घातली. ताण येताच मेंदूला सावध करणारी यंत्रणा थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाला चेतवते आणि तिथून थरथर वाढते, असे त्यांना दिसले. त्या यंत्रणेच्या मुळाशी लोकस सेरुलियस आहे.

इथेच सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट आहे. ज्यांची थरथर ठळक, त्यांच्यात नॉरॲड्रेनलिनची यंत्रणा तुलनेने शाबूत आढळते. ताठरपणा आणि मंदपणा जास्त असलेल्यांत ती जास्त झडलेली असते. शवविच्छेदनातही हे दिसले होते आणि अलीकडे जिवंत रुग्णांच्या पेट स्कॅनमध्येही. म्हणजे एकाच आजाराच्या दोन रुग्णांत हेच रसायन एकाकडे त्रास वाढवते आणि दुसऱ्याकडे त्याची उणीव त्रास देते. "नॉरॲड्रेनलिन कमी आहे, तर वाढवा" असे सरसकट सूत्र काढता येत नाही, ते याचमुळे.

तरी वाढवण्याचा प्रयत्न जपानने धाडसाने केला. कंपवाताच्या काही रुग्णांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. दाराच्या चौकटीत, वळताना, लिफ्टचे दार बंद होऊ लागले की पाऊल उचलतच नाही आणि वरचे धड पुढे जाऊन माणूस पडतो. लेवोडोपाने हे पुष्कळदा सुटत नाही. टोकियोचे हिरोतारो नाराबायाशी यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले, की हे पाय अडकणे नॉरॲड्रेनलिनच्या कमतरतेमुळे असावे. साखळीतली ती शेवटची पायरी टाळून थेट नॉरॲड्रेनलिन बनणारे द्रव्य त्यांनी वापरले. ते ड्रॉक्सिडोपा. 1989 साली जपानने त्याला मान्यता दिली. काही रुग्णांना गुण आला, बऱ्याच जणांना नाही, आणि पाय अडकण्यावरचा उपचार म्हणून ते जपानबाहेर रुजले नाही. माझ्या मते नाराबायाशींचा प्रश्न योग्य होता. कोणत्या रुग्णात ही यंत्रणा किती उरली आहे, हे मोजायचे साधन तेव्हा नव्हते.

ड्रॉक्सिडोपाला पुढे दुसरीकडे जागा मिळाली. उभे राहिल्यावर रक्तदाब घसरण्यावर त्याला अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळाली. ही तक्रार कंपवातात सर्रास असते आणि तितकीच दुर्लक्षित राहते. सकाळी उठल्यावर किंवा जेवणानंतर डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे ठणकतात, माणूस बसल्या बसल्या गळून जातो. घरी याला म्हातारपण समजतात. तपासणी मात्र अगदी सोपी आहे. आधी आडवे असताना रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर नोंद घ्यायलाच हवी. लेवोडोपाने हा उतार आणखी वाढू शकतो, म्हणून तर हे मोजणे जास्त महत्त्वाचे. खुर्चीत बसवून एकदाच मोजलेला रक्तदाब यातले काही सांगत नाही. हृदयाच्या सिम्पथेटिक नसा किती उरल्या, हे दाखवणारा एमआयबीजी स्कॅन जपानमध्ये निदानासाठी नेहमी वापरला जातो.

उदासीचेही तसेच. 2005 साली फिलिप रेमी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर दाखवले, की कंपवातात नैराश्य असलेल्यांच्या लोकस सेरुलियसमध्ये आणि भावनांशी निगडित भागांत डोपामिन व नॉरॲड्रेनलिनचे तंतू कमी असतात. "बाबा पूर्वीसारखे बोलत नाहीत, कशात रस नाही" यामागे आजार कळल्याचे दुःख असतेच. त्याच्या जोडीला मेंदूतला प्रत्यक्ष बिघाडही असतो.

2017 मध्ये नॉर्वेच्या औषधनोंदींवरून एक निष्कर्ष गाजला. दम्याचे साल्ब्युटामोल घेणाऱ्यांत कंपवात कमी आणि रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलोल घेणाऱ्यांत जास्त. दोन्ही औषधे पेशींवरच्या नॉरॲड्रेनलिनच्या ग्राहींवर काम करतात, त्यामुळे आशा आणि भीती दोन्ही पसरल्या. पुढच्या तपासात दुसरीच कारणे समोर आली. दम्यासारखे विकार धूम्रपान करणाऱ्यांत जास्त, आणि धूम्रपान करणाऱ्यांत कंपवात एरवीही कमी आढळतो. प्रोप्रॅनोलोल तर थरथरीवरच देतात, म्हणजे आजार आधीच डोके वर काढत असताना. या बातमीवरून कुणी आपली गोळी बंद करू नये.

जास्त भरवशाचा मार्ग केंब्रिजमधल्या एका छोट्या प्रयोगाने दाखवला, 2021 साली. कंपवाताच्या रुग्णांचे 7 टेस्लाच्या शक्तिशाली एमआरआयवर लोकस सेरुलियस मोजले. मग त्यांना ॲटोमोक्सेटीनची 40 मिलिग्रॅमची एकच गोळी दिली. हे औषध पेशींबाहेरचे नॉरॲड्रेनलिन जास्त वेळ टिकवते. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे आणि मध्येच थांबण्याचा इशारा आला तर उचललेला हात आवरायचा, असे काम होते. हे आवरणे कंपवातात बिघडते. सरासरी पाहिली, तर औषधाचा परिणाम गोंधळाचा. स्कॅनशी जुळवून पाहिले, तर ज्यांचे लोकस सेरुलियस जास्त झडलेले, त्यांचेच आवरणे सुधारले. ज्यांचे चांगले होते, त्यांना फायदा नव्हता. नॉरॲड्रेनलिनच्या औषधांच्या आधीच्या चाचण्यांत सगळ्या रुग्णांना एकत्र मोजले गेले आणि उत्तर संदिग्ध आले. पुढच्या चाचण्यांत आधी निळा ठिपका मोजायचा आणि मग गोळी कुणाला द्यायची ते ठरवायचे, असा बदल केंब्रिज आणि इतर केंद्रांतले संशोधक आता मागत आहेत.